फॉर्म आधी आला, कुकी नंतर : लासलगावच्या एका चौकशी-फॉर्मची गोष्ट

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य जवळजवळ चुकीचं जाणार होतं. वाक्य असं होतं : "कुकी-संमतीचे नियम आल्यानंतर लहान निर्यातदारांच्या वेबसाइटवर येणाऱ्या चौकश्या घटल्या." दिसायला सरळ वाक्य. माझ्याकडे आलेख होता, आलेखात उतार होता, आणि उताराच्या अगदी वर बॅनर लावल्याची तारीख होती. अजून काय पाहिजे?

आलेख लासलगावचा होता. द्राक्षं आणि कांदा दोन्ही बाहेर पाठवणारी एक छोटी पेढी, नाव सांगत नाही. नाशिकच्या एका एजन्सीने त्यांची वेबसाइट केली होती. त्यावर "आम्हाला विचारा" असा फॉर्म होता : नाव, देश, फोन, माल कोणता, किती टन. मार्केटिंगवाले याला लीड फॉर्म म्हणतात. युरोपातल्या एका खरेदीदाराने "तुमची प्रायव्हसी पॉलिसी कुठाय?" असं विचारलं, म्हणून २०२४ च्या सुरुवातीला एजन्सीने साइटवर कुकीची पट्टी बसवली. आणि डॅशबोर्डवरच्या चौकश्या धाडकन खाली आल्या.

पेढीचे काका मला म्हणाले, "ताई, ही पट्टी लावली अन् धंदा बसला बघा. आता असं करता येईल का, की ‘मान्य’ दाबल्याशिवाय फॉर्मच उघडायचा नाही?"

या प्रश्नाचं उत्तर देताना मला तीस वर्षं मागे जावं लागलं. ते का, हे या लेखात सांगते. पण आधी त्या आलेखाचा निकाल लावू, कारण संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना तो जास्त उपयोगाचा आहे.

काका जुन्या वळणाचे. डॅशबोर्डवर त्यांचा पूर्ण विश्वास कधीच नव्हता. आलेली प्रत्येक चौकशी ते एका लांब वहीत लिहून ठेवायचे : तारीख, कोण, कुठला, काय मागितलं. मी ती वही आणि डॅशबोर्ड शेजारी शेजारी ठेवले तेव्हा माझा उतार तीन तुकड्यांत फुटला.

पहिला तुकडा : चौकश्या येत होत्या, फक्त मोजल्या जात नव्हत्या. डॅशबोर्ड "धन्यवाद" पानावर चालणाऱ्या मोजणीच्या स्क्रिप्टवर अवलंबून होता. पाहुण्याने "नाही" दाबलं की ती स्क्रिप्ट गप्प बसायची. मेल मात्र काकांच्या इनबॉक्समध्ये पोचलेला असायचा. म्हणजे घटना घडली होती, तिची नोंद झाली नव्हती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचं वाटायला हवं. दप्तरात नाही म्हणून घडलंच नाही, असं आपण मोडी कागदांबाबत कधी म्हणत नाही. मग डॅशबोर्डबाबत का म्हणतो?

दुसरा तुकडा खरा बिघाड होता. फॉर्म पेढीच्या स्वतःच्या सर्व्हरवर नव्हताच. तो एका बाहेरच्या मार्केटिंग सेवेचा होता आणि पानात डकवलेला होता. संमतीच्या पट्टीने त्या सेवेला "जाहिरात" या खान्यात टाकलं. त्यामुळे "नाही" दाबणाऱ्याला, किंवा काहीच न दाबणाऱ्याला, फॉर्मच्या जागी नुसती पांढरी मोकळी जागा दिसायची. "मी रोबोट नाही" वाला चौकोनही बाहेरूनच यायचा, तोही अडायचा. ज्यांना खरोखर द्राक्षांचा भाव विचारायचा होता, त्यांच्या तोंडावर दार बंद.

तिसऱ्या तुकड्याचा कुकीशी काही संबंधच नव्हता. ८ डिसेंबर २०२३ पासून ४ मे २०२४ पर्यंत कांद्याच्या निर्यातीवर बंदी होती. बंदी असताना दुबईचा किंवा मलेशियाचा व्यापारी कांद्याची चौकशी कशाला करेल? लासलगावात हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. मला माहीत होतं, आणि तरीही आलेख बघताना आठवलं नाही. माझ्या गाईडना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले.

तर पट्टीमुळे नक्की काय बिघडलं? दुसरा तुकडा. आणि तो बिघडला, कारण फॉर्म आणि पाठलाग या दोन वेगळ्या गोष्टी कुणीतरी एकमेकींत गाठ मारून ठेवल्या होत्या. ही गाठ कायद्याने मारली नाही. मग कुणी मारली, आणि कधी?

वेबवरचा फॉर्म कुकीपेक्षा जुना आहे. १९९३ मध्ये मोझेक ब्राउझरच्या नव्या आवृत्तीत फॉर्म भरता येऊ लागले होते. रकान्यात लिहा, बटण दाबा, मजकूर समोरच्या सर्व्हरकडे जातो. यात कुकी कुठेही लागत नाही. कुकी आली १९९४ मध्ये. नेटस्केपमधल्या लू मोंटुली या अभियंत्याने ती काढली, कारण वेब विसराळू होतं : पान बदललं की तुम्ही कोण हे सर्व्हर विसरायचा. खरेदीच्या टोपलीत आधी काय टाकलंय हे लक्षात राहावं, एवढीच गरज होती. म्हणजे कुकी जन्मली ती आठवण म्हणून. पाळत नंतर आली.

ती फार लवकर आली, एवढंच. एका पानावर जाहिरातीचं चित्र दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येत असेल, तर ती दुसरी कंपनीही आपली कुकी टाकू शकते. मग तीच कंपनी हजार साइटवर जाहिराती लावत असेल तर हजार साइटवर तुम्हाला ओळखते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या डबलक्लिकचा धंदा यावरच उभा होता. ज्यांनी मानकं लिहिली त्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये डेव्हिड क्रिस्टॉल आणि मोंटुली यांनी लिहिलेलं आरएफसी २१०९ हे कागदपत्र प्रसिद्ध झालं. त्यात अशा परक्या कुकी ब्राउझरने आपणहून स्वीकारू नयेत असं म्हटलं होतं. मोठ्या ब्राउझरांनी ते पाळलं नाही. क्रिस्टॉल यांनी या सगळ्या वादावर २००१ मध्ये स्वतः एक लेख लिहिला. तांत्रिक मानकांचा इतिहास करायचा असेल तर तो आवर्जून वाचा. समितीतला माणूस इतक्या मोकळेपणाने क्वचित लिहितो.

इथपर्यंत कुकी म्हणजे नुसता नंबर होता. हा नंबर कांद्याच्या साइटवर गेला, तो नंबर क्रिकेटच्या. नंबरला नाव नव्हतं. नाव होतं फॉर्ममध्ये.

गाठ मारण्याचा उघड प्रयत्न झाला १९९९ मध्ये. डबलक्लिकने अबॅकस डायरेक्ट ही कंपनी विकत घेतली. अबॅकसकडे टपालाने वस्तू मागवणाऱ्या अमेरिकन घरांची नावं, पत्ते आणि खरेदीचा इतिहास होता. नंबर आणि नाव जोडायचा बेत होता. त्यावर एवढा गदारोळ झाला की फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची चौकशी सुरू असल्याचं बाहेर आलं, आणि मार्चमध्ये कंपनीने ही चूक होती असं मान्य करून बेत मागे घेतला. २००८ मध्ये गूगलने डबलक्लिकची खरेदी पूर्ण केली. पुढच्या काळात तेच जोडकाम लहान लहान साइटवर, काहीही गदारोळ न होता, रोजचं झालं. फॉर्ममध्ये न दिसणारे रकाने आले : पाहुणा कुठल्या जाहिरातीवरून आला, तिचा क्रमांक काय, याआधी काय बघितलं. तुम्ही पाच रकाने भरता, जातात बारा. लासलगावच्या त्या फॉर्ममध्येही असे रकाने होते. काकांना ते आहेत हेच माहीत नव्हतं. त्यांना फक्त टन आणि फोन नंबर हवा होता.

आता कायद्याकडे. इथे एक गैरसमज मुलाखतीतसुद्धा ऐकू येतो : "जीडीपीआरने कुकी बॅनर आणले." नाही. युरोपीय संघाच्या २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशात वापरणाऱ्याला माहिती द्या आणि नकाराचा हक्क द्या, एवढंच होतं. २००९ च्या दुरुस्तीने तिथे "संमती" हा शब्द बसवला, आणि सदस्य देशांना मे २०११ पर्यंतची मुदत दिली. बॅनर तिथून आले. २५ मे २०१८ ला लागू झालेल्या जीडीपीआरमध्ये कुकी हा शब्द एकदाच येतो, तोही प्रस्तावनेच्या तिसाव्या परिच्छेदात. जीडीपीआरने केलं ते असं की संमती कशाला म्हणायचं याची व्याख्या कडक केली, आणि जुन्या निर्देशातला "संमती" हा शब्द त्यामुळे आपोआप कडक झाला.

याच्या मधलं एक कागदपत्र फारसं कुणी वाचत नाही, पण आपल्या विषयाचा गाभा तिथे आहे. जून २०१२ मध्ये युरोपातल्या डेटा संरक्षण यंत्रणांच्या संयुक्त गटाने कुणाकुणाला संमती लागत नाही यावर मत दिलं. संमतीतून सुटणाऱ्या कुकींच्या यादीत पहिल्याच प्रकारात काय आहे? अनेक पानांचा फॉर्म भरताना भरलेला मजकूर लक्षात ठेवणारी, तेवढ्या भेटीपुरती कुकी. म्हणजे फॉर्म चालण्यासाठी जे खरोखर लागतं त्याला पट्टीची गरज नाही, हे २०१२ पासून लिहिलेलं आहे. मत बंधनकारक नव्हतं, तरी दिशा स्पष्ट होती.

आणि मग प्लॅनेट४९ चा खटला. सगळे याला "कुकीचा खटला" म्हणतात. मी निकालपत्रातली हकीकत वाचली आणि खुर्चीत सरळ बसले, कारण हा अक्षरशः लीड फॉर्मचा खटला आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये जर्मनीतल्या या कंपनीने ऑनलाइन सोडत काढली. भाग घ्यायचा तर नाव-पत्त्याचा फॉर्म भरा. खाली दोन चौकोन. पहिला रिकामा : प्रायोजक कंपन्यांनी तुम्हाला फोन, टपाल, मेल करायला हरकत नाही. दुसरा आधीच बरोबरची खूण केलेला : आम्ही कुकी टाकून तुमचं ब्राउझिंग बघू. पहिल्या चौकोनात खूण केल्याशिवाय सोडतीत भाग नाही. ग्राहक संघटनांच्या जर्मन महासंघाने दावा लावला आणि प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. निकाल १ ऑक्टोबर २०१९.

आधीच केलेली खूण म्हणजे संमती नव्हे, हे वाक्य सगळ्यांनी उचललं. मला त्यापेक्षा दुसरं विधान महत्त्वाचं वाटतं : सोडतीत भाग घेण्याचं बटण दाबलं, एवढ्यावरून कुकीलाही हो म्हटलं असं धरता येत नाही. एक बटण, एक काम. फॉर्म पाठवणं ही एक गोष्ट, पाठलागाला परवानगी देणं ही वेगळी. न्यायालयाने १९९९ ची गाठ २०१९ मध्ये सोडवायला घेतली, असं मी प्रबंधात लिहिलंय. गाईडनी शेजारी "थोडं नाट्यमय" असा शेरा मारलाय. असू दे.

एक मात्र लक्षात ठेवा. पहिल्या चौकोनाची सक्ती, म्हणजे जाहिरातीला हो म्हटलं तरच भाग घेता येईल ही अट, योग्य की अयोग्य यावर त्या निकालात उत्तर नाही. खालच्या न्यायालयाने तो प्रश्न विचारलाच नव्हता. "प्लॅनेट४९ ने सक्ती रद्द केली" असं कुठे वाचलंत तर लेखकाने निकाल वाचलेला नाही असं समजा.

हे सगळं युरोपातलं. मग लासलगावने का ऐकायचं?

निफाड तालुक्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर त्यांनी द्राक्षांवर शिकलंय. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत सीसीसीच्या, अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडली होती. मर्यादा ब्रसेल्सची, नुकसान इथलं. लासलगावातच भाभा अणुसंशोधन केंद्राचं "कृषक" हे विकिरण केंद्र आहे, २००२ पासूनचं. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं ते विकिरणाच्या अटीवर, आणि तो आंबा इथून प्रक्रिया होऊन गेला. परदेशी नियम म्हणजे काय हे १९४७ पासून चालत आलेल्या या बाजार समितीच्या गावाला समजावून सांगावं लागत नाही. अनु ब्रॅडफर्ड या अभ्यासिकेने २०१२ च्या लेखात याला "ब्रसेल्स इफेक्ट" असं नाव दिलं, पण अनुभव इथे आधीच होता.

कायद्याच्या भाषेत मात्र जरा सांभाळून. जीडीपीआर युरोपाबाहेरच्या धंद्याला लागू होतो तो युरोपातल्या व्यक्तींना माल देऊ केला तर, किंवा त्यांच्या वागण्यावर नजर ठेवली तर. नुसती साइट तिथून उघडते, एवढं पुरत नाही. पण तिथली भाषा, तिथलं चलन, तिथल्या ग्राहकांचा उल्लेख या खुणा धरल्या जातात. काकांच्या साइटवर एक डच पान होतं आणि भाव युरोत होते. खरेदीदार कंपनी आहे, व्यक्ती नाही, असा वाद घालता येतो. फॉर्ममध्ये नाव आणि मोबाइल मात्र माणसाचाच असतो. आणि पाठलागाच्या स्क्रिप्ट होत्याच.

भारतात संमतीचा इतिहास वेगळ्या वाटेने आला, आणि यावर मराठीत फार कमी लिहिलं गेलंय. आपल्याकडे लोक चिडले ते कुकीवर नाही, फोनवर. एकदा कुठेतरी नंबर दिला की कर्जवाले, प्लॉटवाले, विमावाले. ट्रायचे नको असलेल्या व्यापारी कॉलबद्दलचे पहिले नियम २००७ चे, मग २०१० चे, मग २०१८ चे. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत संवेदनशील माहितीसाठी लेखी संमती मागितली होती, पत्राने, फॅक्सने किंवा ईमेलने. फॅक्सने! २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम १४ नोव्हेंबर २०२५ ला आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात.

या कायद्यात कुकी हा शब्द नाही. पण लीड फॉर्म आहे, नाव न घेता. सातव्या कलमात एक उदाहरण दिलंय : एकीने दलालाला मेसेज करून भाड्याचं घर शोधायला सांगितलं आणि त्यासाठी माहिती दिली. दलालाने ती त्या कामापुरती वापरावी. तिने "आता नको" म्हटलं की थांबावं. सहाव्या कलमात दुसरं उदाहरण : डॉक्टरी सल्ल्याच्या अॅपने सल्ल्यासाठी आणि फोनमधल्या संपर्कयादीसाठी अशी एकत्र परवानगी घेतली, तर संपर्कयादी सल्ल्याला लागत नाही म्हणून संमती सल्ल्यापुरतीच धरायची. प्लॅनेट४९ चं तेच सूत्र, फक्त देशी कपड्यात. शिवाय सूचना मराठीतही, खरं तर आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, वाचण्याची सोय द्यावी लागणार आहे. लासलगावला ड्रिप, औषधं, ट्रॅक्टर विकणाऱ्यांच्या फॉर्मवर शेतकरी नाव भरतो, त्याच्या दृष्टीने ही तरतूद मोठी आहे.

तर काकांना मी काय सांगितलं? "मान्य दाबल्याशिवाय फॉर्म नाही" असं करू नका. ज्याला तुमची द्राक्षं हवीत तो आधी हाकलला जाईल, आणि तशी दाबून घेतलेली संमती युरोपात टिकणंही अवघड. फॉर्म स्वतःच्या सर्व्हरवर आणा, त्याला तेवढ्या भेटीपुरती कुकी पुरते. लपलेले रकाने काढा. माहिती कशासाठी घेतोय हे बटणाच्या वर एका ओळीत लिहा. पुढे भावपत्रक व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर त्याला वेगळा, रिकामा चौकोन. मोजणीची स्क्रिप्ट पट्टीच्या मागे राहू दे, ती बंद असली तरी फॉर्म चालला पाहिजे. आणि नकाराचं बटण मान्यच्या शेजारी, तेवढंच मोठं. नकार अवघड ठेवला म्हणून फ्रान्सच्या यंत्रणेने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला पंधरा कोटी आणि फेसबुकला सहा कोटी युरोचा दंड केल्याचं जाहीर केलं होतं.

एजन्सीचा मुलगा म्हणाला, "मग गिऱ्हाईक कुठल्या जाहिरातीवरून आलं ते कसं कळणार?" त्यावर काकाच बोलले, "विचार ना त्याला." आता फॉर्मच्या शेवटी एक ऐच्छिक रकाना आहे : आमच्याबद्दल कुठून कळलं? उत्तरं अर्धवट असतात, स्पेलिंग चुकीची असतात, पण माणसाने स्वतः लिहिलेली असतात.

फॉर्म महिनाभरात रुळावर आला. डॅशबोर्डचा आकडा अजूनही वहीपेक्षा कमीच दाखवतो, आणि काका त्याकडे बघत नाहीत.

माझं एक काम मात्र बाकी होतं. वही तपासताना मी तिच्या पानांचे फोटो काढले होते. प्रबंधासाठी. त्या पानांवर रॉटरडॅम, दुबई, क्वालालंपूरच्या माणसांची नावं आणि मोबाइल नंबर होते. त्यांनी ते द्राक्षांच्या आणि कांद्याच्या भावासाठी दिले होते, माझ्या तिसऱ्या प्रकरणासाठी नाही. भारतीय कायद्यात संशोधनाला सूट आहे, अटींवर. मी ती तरतूद दोनदा वाचली. मग पुन्हा लासलगावला गेले, काकांच्या समोर बसून फक्त तारीख, देश आणि माल एवढंच वेगळ्या कागदावर उतरवून घेतलं, आणि फोनमधले फोटो त्यांच्यादेखत पुसले. दुपार गेली. काका म्हणाले, "एवढं कशाला, ताई?" आणि चहा मागवला.